मांजरीचे मोजे

वाचनालयाच्या सभासदांचे पासवर्ड आम्ही जसेच्या तसे साठवत होतो. आम्ही म्हणजे मीच. उगाच दुसऱ्याच्या माथी खापर कशाला फोडू? म्हातारे सभासद पासवर्ड विसरायचे, फोन करायचे आणि मी यादीत बघून सांगायचे. तात्पुरती सोय म्हणून केलेलं ते सात वर्षं तसंच राहिलं.

संगणकांची सुरक्षा तपासायला आलेल्या तपासनिसाने डोक्याला हात लावला. "दार सताड उघडं टाकून राखण करताय होय?" प्रत्येक पासवर्डचा असा भुगा करून ठेवायचा, की संगणकाला तो ओळखता यावा, पण आम्हालाही वाचता येऊ नये, असं ठरलं.

त्या दुपारी ऊन टेबलावरून सरकत होतं आणि यादी पडद्यावर. वाचायचं नाही, असा नियम. पण मन कुठलं ऐकतंय? कुणाचा कुत्रा, कुणाची शाळा, कुणाची गेलेली बायको. तीन हजार माणसं झोपेत पुटपुटत होती आणि मी त्यांच्या उशाशी उभी होते.

एका ओळीवर हात थबकला. मांजरीचेमोजे.

लहानपणी टेबलावरची चादर खालपर्यंत सोडली, की आत आमचं घर व्हायचं. आत यायचं तर हा शब्द. तो फक्त मला आणि ताईला ठाऊक होता. आईलाही सांगितला नव्हता. पुढे त्याच आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून आम्ही दोघी भांडलो. नऊ वर्षं झाली, ताई बोलत नाही. पुस्तकंसुद्धा दुसऱ्या शाखेतून नेते, मी दिसायला नको म्हणून. मला वाटायचं, तिने मला पुसून टाकलंय.

मी पोटभर रडले. मग सगळ्या शब्दांचा भुगा केला, त्याचाही.

सभासदांना पत्रं गेली: तुमचा पासवर्ड कुणी वाचला असू शकतो, कृपया बदला. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"पत्र मिळालं. माझा कुणी वाचलाय का?"

आवाज ताईचा. माझा हॅलो तिनेही ओळखला असणार, पण बोलत होती ती वाचनालयाशी. नाही म्हटलं असतं तर फोन तिथेच संपला असता.

"हो," मी म्हटलं. "मी वाचला."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"आणखी कुणी?"

"नाही."

"मग बदलायचा कशाला?" ताई म्हणाली.