मद्रासचं विमान

कलाबाईनं कुडातली एक काडी उपसली आणि फटीला डोळा लावला. समोर तिचंच अंगण होतं. बाजेवर तिची तीन वर्षांची इतवारी तापानं फणफणली होती. सासू धुरपता तिच्या तोंडाशी पेजेची वाटी धरून बसली होती आणि पोरगी तोंड फिरवत होती.

कलाबाईची पाळी सुरू होती. पाळीतल्या बाईनं या कुर्म्याच्या झोपडीतच राहायचं, कोणाला शिवायचं नाही. जो शिवेल त्यानंही तिच्यासोबत तिथंच राहायचं. या नियमाची राखण धुरपता करायची आणि तिच्यापुढं बोलायची गावात कोणाची टाप नव्हती.

"आत्या, जराशी इकडं आण न तिले. माह्या हातानं खाईल."

"आन् देव कोपला म्हंजे? गप बस."

धुरपता तिची सख्खी आत्या. पण सासू झाली की आत्या कुठली राहते! कलाबाईनं कुडावर मूठ आपटली. माती तेवढी झडली.

तेवढ्यात आभाळात घरघर ऐकू आली. "इमान! इमान!" करत सारं गाव घराबाहेर पडलं आणि वावराकडं धावलं. चांद्याहून आलेले मुखरू गुरुजी नेहमीप्रमाणे सांगू लागले.

"नागपूरहून उडालं की तीन-साडेतीन तासांत मद्रास! साडेपाचशे मैल! चहा तिकडं, जेवन मद्रासले!"

कलाबाईला रडू फुटलं. कोण कुठली माणसं मद्रासला जेवायला चालली आणि तिला आपल्या अंगणात जाता येईना. जळो मेलं ते विमान.

धुरपता कधी विमान पाहत नसे. "त्याच्यात आपलं कोन बसलं हाय?" म्हणायची. आज मात्र ती उठली. इतवारीला तिनं बाजेवरून खाली उभं केलं, पेजेची वाटी झोपडीसमोरच्या दगडावर ठेवली आणि पाठ फिरवून, कपाळावर हात धरून आभाळाकडं पाहत राहिली.

पोरगी धडपडत आली नि आईच्या गळ्यात पडली. अंग नुसतं भाजत होतं. कलाबाईनं वाटी ओढली, पेजेत बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं. इतवारी चोखू लागली.

घरघर विरली. माणसं परतली. धुरपता अजून वरच पाहत होती.

"गेलं न बाई इमान," गुरुजी म्हणाले. मग त्यांची नजर झोपडीकडं गेली. "अवो, पोरगी..."

धुरपता वळली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं माय! शिवली न पोट्टी! मी इमान पाहून राह्यली होती, मले काय मालूम! आता राहू द्या तिले तिथीच. नियम म्हंजे नियम."

धुरपता बडबडतच घराशी गेली. उंबऱ्यावर इतवारीची गोधडी सकाळपासून घडी करून ठेवलेली होती. ती उचलून तिनं लांबूनच झोपडीत फेकली.