पाच हजार प्रती, एकही चूक नाही

नातवाला दुपारी झोपवावं तर आपणच, असा आजोबांचा हट्ट होता. लेक सकाळी कामावर जाताना दोन वर्षांच्या गोटूला त्यांच्याकडे सोडायची. जेवणं उरकली की आजोबा कोमट दुधात दोन चमचे साखर ढवळायचे, बाटली गोटूच्या तोंडात द्यायचे, आणि पाच मिनिटांत पोरगं गाढ. मग दुपारभर बाटली तशीच तोंडात. आल्यागेल्याला ते मोठ्या कौतुकाने सांगत, "याची आईपण अशीच वाढली. छापखान्यात, कागदाच्या गठ्ठ्यावर."

आजोबा म्हणजे जुन्या छापखान्यातले जुळारी. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळीत उलटं लावायचं, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. बायको गिरणीत दुसऱ्या पाळीला, म्हणून पोर दुपारनंतर त्यांच्याजवळ. कोपऱ्यात छापून झालेल्या कागदांचे गठ्ठे असत, त्यावर चादर टाकली की झाली गादी. यंत्राची धडधड, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि मान वळवली की बाटली चोखत झोपलेली लेक. मालक एरवी मिरचीसारखा तिखट, पण पोर झोपली की तोही चपला काढून चालायचा. आयुष्यातली एकच दुपार परत मागायची मुभा मिळाली असती, तर आजोबांनी त्यातलीच एखादी मागितली असती.

पुढे लेकीचे समोरचे दात तपकिरी झाले आणि मग झिजून त्यांचे खुंट उरले. दुधाचेच दात, पडायचेच आहेत, असं सगळे म्हणाले आणि आजोबांनाही ते पटलं. एकदा हिरडी सुजून ताप चढला तेव्हा चार दात काढावे लागले, आणि नंतरचे आले ते वाट फुटेल तसे आले. शाळेत पोरं तिला 'बोळकी' म्हणायची. ती रडत घरी आली की आजोबा म्हणत, "हसतील त्यांचे दात दिसतील." आपली लेक स्वतः हसताना तोंडावर हात धरते, हा ते तिचा सुसंस्कृतपणा समजत आले.

त्या दिवशी लेक भरदुपारी गोटूला कडेवर घेऊन आली. दातांच्या दवाखान्यातूनच आली होती.

"बाबा, आजपासून बाटली बंद. मी हे आधीच सांगायला हवं होतं. याचे वरचे दोन दात किडायला लागलेत. गोड दूध तोंडात ठेवून झोपतो म्हणून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"अगं, दुधाचेच दात ते. आणि डॉक्टर काय, काहीतरी सांगणारच. तुला नाही का असंच वाढवलं? काय झालं तुला?"

लेकीने पर्समधून घडी घातलेलं पत्रक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "हे वाचा. तुम्हाला पटत नसेल तर मला याला दुसरीकडे ठेवावं लागेल."

हे आजोबांना फार लागलं. गोटूशिवाय त्यांच्या दिवसात होतं तरी काय? त्यांनी चष्मा चढवला आणि पत्रक डोळ्यांजवळ धरलं. आधी समास बघितला, मग ऱ्हस्वदीर्घ.

"दुसऱ्या ओळीत जागा जास्त सुटलीय," ते म्हणाले.

"बाबा, तपासू नका. वाचा."

मग ते मोठ्याने वाचू लागले. "बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. पहिला दात आल्यापासून दात रोज स्वच्छ करावेत. पडणारे दात म्हणून..." इथे ते थांबले, कारण पुढचा शब्द डोळ्यांच्या आधी बोटांना आठवला होता. दुर्लक्ष. हाच मजकूर त्यांनी जुळवला तेव्हा 'क्ष' संपले होते आणि शेजारच्या जुळाऱ्याकडून उसने आणले होते.

दवाखान्याचा मजकूर, इतक्या वर्षांत कानामात्राही बदललेला नव्हता. पाच हजार प्रती, एकही चूक नाही, म्हणून मालकाने चारचौघांत पाठ थोपटली होती. पण अक्षरं जुळवणाऱ्याचं लक्ष अक्षरावर. ती मिळून काय सांगतात, हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. त्याच दिवशी लेक याच पत्रकांच्या गठ्ठ्यावर झोपली होती, तोंडात बाटली घेऊन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून काळा कुठे असेल?

त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. ते म्हणाले, "हे मी जुळवलं होतं गं."

"माहीत आहे."

"तुला कसं?"

"छापखान्यातले पाठकोरे कागद आणायचात ना मला चित्रं काढायला? दुसरीत असताना एक उलटून वाचला."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात, मी गठ्ठ्यावर कशी झोपायचे ते. सांगताना किती खुलायचात. मी बोलले असते तर तुम्ही ते पुन्हा कधी सांगितलं नसतंत." तिने गोटूला मांडीवर सरकवून घेतलं. "आणि मला ते ऐकायला आवडायचं, बाबा."

आजोबांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तेवढ्यात गोटूला झोपेची वेळ आठवली आणि त्याने बाटलीसाठी भोकाड पसरलं. आजोबा उठले. त्याला वाटीने चार घोट पाणी पाजलं, ओल्या फडक्याने दात पुसले, खांद्यावर घेतलं आणि येरझारा घालू लागले. पाच मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. पोराने त्यांचा शर्ट भिजवला, कान ओढला, चष्मा पाडला. लेक मदतीला उठली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

पोरगं शेवटी झोपलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "उद्या आणशील ना याला?"

"आणीन. पण तुम्ही सगळं वाचलंत ना?"

"वाचलं," आजोबा म्हणाले. "आज वाचलं."