हंगामातल्या हजार बैठका

"कुस्त्यांच्या दंगलीचे दिवस आले की ताकद कमवायची नसते रे, सांभाळायची असते. भरली घागर डोक्यावर घेऊन चालतात ना, तशी!"

देवेंद्र दहा वर्षांचा असताना पंढरीनाथ उस्तादांनी हे सांगितलं होतं. आखाड्याची माती तेव्हा ताक-तेलानं मऊ असायची आणि गिरणीच्या भोंग्यावर तालीम सुटायची.

आता भोंगा मुका होता. गिरणीला टाळं लागलं होतं. बाबा सवयीनं डबा भरून घेत आणि ओट्यावरच बसून खात. अशात रेल्वेत पहिलवानांसाठी एक जागा निघाली, देवेंद्रच्याच वजनगटाची. निवडीची कुस्ती रविवारी.

सोमवारी उस्ताद म्हणाले, "रोज हजार बैठका. वर जोडीदार खांद्यावर घेऊन दहा फेऱ्या."

"पण हंगामात तर आपण बैठका निम्म्यावर आणतो ना, उस्ताद?"

"अब तू सिखाएगा भिया?" उस्ताद हसले. नजर मात्र मातीत होती.

देवेंद्रनं लंगोट कसला. बसला, उठला. उठला, बसला. शनिवारपर्यंत एक बैठक चुकवली नाही.

रविवारी समोर उभा राहिला रजत, उस्तादांचा पुतण्या. त्याच्या पायांत हरणं होती. देवेंद्रच्या मांड्या भिजल्या कापसाच्या गाठींसारख्या. तिसऱ्या मिनिटाला पाठ मातीला लागली.

रजतनं भोळेपणानं त्याला मिठी मारली. "तू थकेला वाटला यार! मला तर काकांनी आठवडाभर घरीच ठेवलं, बैठकच मारू दिली नाही. नुसती मालिश अन् हलके डाव."

देवेंद्रनं उस्तादांना शोधलं. ते पागोटं सारखं करत दुसरीकडे बघत होते.

दुसऱ्या सकाळी उस्ताद तेलाची वाटी घेऊन घरी आले. बाबांनी उठून त्यांना जागा दिली. उस्तादांनी देवेंद्रचा पाय मांडीवर घेतला, लहानपणी घेत तसाच.

"नशीब रे," ते पुटपुटले. "पाय भरून आले असतील."

देवेंद्रनं पाय हळूच काढून घेतला.

"उस्ताद, मला बुधवारीच कळलं होतं. जिना उतरताना गुडघे थरथरले तेव्हा."

उस्तादांनी वाटी खाली ठेवली. "मग थांबला का नाहीस?"

"रोज वाटायचं," देवेंद्र म्हणाला, "आज तरी तुम्हीच 'बस, पुरे' म्हणाल."