पहिली रेघ वानिनाची

आरंभशूर माणसांना सगळं जग हसतं. वानिनाची गत नेमकी उलटी होती. फळीवर एकदा एक रेघ उमटली की मग तिला आवरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. जेवायचं विसरायची, फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. शेवटाला तिची कधीच ना नव्हती. घोडं अडायचं ते आरंभाला.

पोम्पेया वस्तीतल्या एका गॅरेजमध्ये पंधरासोळा वर्षं हे घोडं मास्तर बाल्दोमेरो हाकत आले होते. ट्रकच्या फळ्यांवर फिलेते रंगवायचं हा त्यांचा धंदा. वळणदार वेली, पानं, फुलं, गुंडाळलेल्या फिती आणि मधोमध मालकाच्या मर्जीचा एखादा ठसकेबाज मजकूर. मास्तर फळीवर पहिली रेघ ओढायचे, ब्रश वानिनाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हं, ने पुढं." की बाई सुटल्या! पण गेल्या वर्षी मास्तरांचे गुडघे गेले. ते लेकीकडे मार देल प्लाताला राहायला गेले आणि गॅरेजच्या किल्ल्या वानिनाला देऊन गेले. तेव्हापासून तीन ट्रक आले आणि तिन्ही कोरेच्या कोरे परत गेले. पोरीच्या हातात जादू आहे, पण आळशी आहे, असं गल्लीने ठरवून टाकलं. गल्लीला ठरवायला काय लागतं?

आळशी! दिवसभर उभी राहून, जीव खाऊन, रडकुंडीला येऊन काम सुरू करू न शकणाऱ्या बाईला आळशी म्हणणाऱ्यांची मला चीड येते. शेवटी ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी चार बैठकांनंतर सांगितलं, हे एडीएचडी आहे. लहानपणापासूनचं आहे, फक्त कुणी ओळखलं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. डोक्यातला गोंगाट त्या गोळ्यांनी बराच कमी झाला. "पण पहिली रेघ गोळी ओढणार नाही," त्या हसून म्हणाल्या. "काम करताना कुणीतरी शेजारी बसलेलं असू दे. बघा फरक पडतो का." वानिनाने मान डोलावली आणि घरी येऊन ते मनातच ठेवलं. बेचाळिसाव्या वर्षी कुणाला सांगायचं, या हो, माझ्याशेजारी बसा म्हणून?

अशात सेन्योर ओस्वाल्दोंचा भाजीचा ट्रक आला. म्हातारा आता चाक सोडणार होता. सोमवारपासून त्याची लेक रोसिओ हा ट्रक मंडईत नेणार होती, आणि पहिल्या दिवशी तो नवरीसारखा नटलेला हवा होता.

"शनिवारी जेवायच्या आधी नेणार," ओस्वाल्दो म्हणाले. "नाही झालं तर कोपऱ्यावरच्या दुकानातून छापील चित्रं चिकटवून घेईन. आणि पोरी, मग मी गल्लीत कुणापुढे तुझी बाजू घ्यायचा नाही. दमलो मी भांडून."

वानिनाने त्यांना हो म्हटलं आणि स्वतःशी वेगळंच ठरवलं. हाही ट्रक कोरा गेला तर गॅरेजला कुलूप लावायचं आणि किल्ल्या मास्तरांना पाठवून द्यायच्या.

मग सुरू झालं नेहमीचं. काम करायचं म्हणजे आधी माते हवा, वाटीत पाला घालून नळीने ओढायचा तो कडवट चहा. मातेला पाणी तापवायला ठेवायचं. ते तापेपर्यंत ब्रश लावून ठेवू म्हणून ती ब्रशांकडे वळायची, ब्रश लावताना रंगांचे डबे दिसायचे, डब्यांवरची धूळ दिसायची, आणि तेवढ्यात पाणी खळाखळा उकळायचं. उकळलेलं पाणी मातेच्या पाल्यावर ओतणं म्हणजे पाल्याचा खून. कुठला शहाणा माणूस ते पिईल? ओतलं ते मोरीत, ठेवलं दुसरं. आता हे तापेपर्यंत जरा फडकी धुऊन घेऊ. असे तीन दिवस गेले. गॅरेज आरशासारखं लख्ख झालं आणि ट्रक हिरवागार, कोरा उभा राहिला.

गुरुवारी सकाळी दुसरी किटली मोरीत ओतताना तिला रडू फुटलं. तशीच, डोळे पुसत, ती शेजारच्या दारात गेली. दोन्या हाइदे, म्हणजे हाइदेबाई, उन्हात खुर्ची टाकून विणत बसल्या होत्या. उभा जन्म बायकांचे केस कापण्यात गेलेला, आता नातवंडांचे स्वेटर.

"दोन्या हाइदे, एक विचारू? हसायचं नाही."

"अगं, कवळी बसवल्यापासून मी हसायचं सोडलंय. निसटते. बोल."

"मी काम करताना माझ्याजवळ बसाल? काही करायचं नाही. नुसतं बसायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणी शेजारी असलं की माझं डोकं जागेवर राहील. एवढी घोडी झालेय, विचारायला लाज वाटते."

"लाज कसली त्यात? माझ्या नवऱ्याला मी शेजारी बसल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि त्याला तर कुठल्या डॉक्टरने काही सांगितलंही नव्हतं." हाइदेबाईंनी विणकाम पिशवीत कोंबलं. "पण किटली माझ्या ताब्यात. तू जेवढं पाणी उकळून फेकलंस ना, त्यात ही अख्खी गल्ली धुऊन निघाली असती."

त्या आपला थर्मास घेऊन आल्या, ट्रकजवळ खुर्ची ओढली आणि कायदा सांगितला. "एक माते, एक पान. पान झाल्याशिवाय दुसरी वाटी मिळायची नाही."

वानिनाने पहिली वाटी नळीने तळापर्यंत ओढली आणि परत दिली. ब्रश हातात घेतला. "कुठून सुरू करू?"

"मला काय विचारतेस? मी तर पहिली कात्री कुठूनही चालवायची. गिऱ्हाईक किंचाळलं की कळायचं."

वानिना खो खो हसली, आणि हसता हसताच तिचा हात फळीला लागला. रेघ उमटली. जराशी थरथरती, पण होती. ती रेघेकडे बघतच राहिली.

"बघत काय बसलीस? याला पान म्हणतात होय? पाणी गार होतंय."

पान झालं. वाटी मिळाली. दुसरं पान, दुसरी वाटी. मग कधीतरी हाइदेबाई वाटी पुढे धरून ताटकळत राहिल्या आणि वानिनाला पत्ताच नव्हता. वेल फळीच्या टोकापर्यंत पोचली होती. संध्याकाळी एक बाजू पुरी झाली तेव्हा म्हातारी खुर्चीत घोरत होती.

खरी परीक्षा शुक्रवारी होती. हाइदेबाईंना कवळी नीट करायला जायचं होतं, आणि ट्रकची दुसरी बाजू कोरी होती. वानिना एकटी तिच्यासमोर उभी राहिली. पाय आपसूक शेगडीकडे वळले, हाताने किटली उचलली, नळ सोडला. आणि मग तिचं तिलाच दिसलं, आपण काय करतोय ते. अर्धी भरलेली किटली तिने मोरीत पालथी घातली.

"एक पान," ती मोठ्याने म्हणाली. गॅरेजमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. "माते नाही, काही नाही. एक पान."

ओढली तिने रेघ. एकटीने ओढली, आणि त्या पानाच्या पाठोपाठ दुसरं आलं. फळी भरत गेली तशी ती गुणगुणायला लागली. असा अभिमान तिला आयुष्यात वाटला नव्हता, आणि तो तिने लपवलाही नाही. मधोमध फितीवर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं, "बाजूला व्हा, रोसिओ आली!"

शनिवारी ओस्वाल्दो लेकीला घेऊन आले. रोसिओने मजकूर वाचला आणि बापाच्या गळ्यातच पडली. म्हाताऱ्याने तिला सोडवून ट्रकभोवती एक चक्कर मारली, मग उलटी दुसरी मारली. गल्लीतली चार माणसं दारात जमली होती.

"मास्तर येऊन गेले वाटतं," त्यातलं कुणीतरी म्हणालं.

"नाही आले," वानिना म्हणाली.

ओस्वाल्दो थांबले. "मग पहिली रेघ कोणाची?"

"माझी." तिने मान ताठ केली. "दोन्ही बाजूंची."

ओस्वाल्दोंनी डोक्यावरची टोपी काढली, आणि मग एकदम चिडून फळीच्या कोपऱ्यावर बोट आपटलं. "मग इथे नाव का नाही? ज्याची पहिली रेघ त्याचं नाव, ही या गॅरेजची रीत आहे. इतकी वर्षं बाल्दोमेरोचंच लिहीत आलीस म्हणून विसरलीस की काय?"

ती खरंच विसरली होती. त्या कोपऱ्यात आपलं नाव येऊ शकतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. सगळे बघत उभे राहिले. वानिनाने कुणाची वाट पाहिली नाही. डब्याचं झाकण उघडलं, ब्रश बुडवला आणि लिहायला लागली.