लाल बस्त्यातलं गाव

मित्रांनो, मी लाल कापडाचा एक जुना बस्ता आहे. तुम्ही पाठीवर नेता तो बस्ता वेगळा. कचेरीतले जुने कागद ज्या चौकोनी कापडात गाठ मारून बांधतात, तो मी.

नागपुरातल्या एका विणकराच्या मागावर माझा जन्म झाला. इतवारीच्या बाजारातून हातगाडीवर बसून मी दप्तरखान्यात आलो. तिथे माझ्या पोटात माझ्याही जन्माआधीच्या याद्या बांधल्या. इथून आसामच्या चहामळ्यांवर मजुरीला गेलेल्या माणसांच्या त्या याद्या. नाव, बापाचं नाव, वय, गाव, मळा. कागद माझ्याहून म्हातारे, पण सांभाळायचे मी.

सुरुवातीला मला मान होता. दर उन्हाळ्यात मला सोडून, झटकून, कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा बांधत. मग ते थांबलं. फळी मोडली, मी जमिनीवर आलो आणि कोपऱ्यात तसाच पडून राहिलो. किती पावसाळे गेले, कोण मोजतो!

एके दिवशी वैदेही आली. नागपूरच्याच बेसा भागात राहणारी ही मुलगी विदर्भातून कोण कुठे गेलं, याचा अभ्यास करत होती.

“मॅडम, तिकडे काहून जाता? धुळीशिवाय काही नाही,” दप्तरखाना सांभाळणारे मधुकरराव म्हणाले. ‘का’ला ‘काहून’ म्हणायची आमच्या नागपूरकडची रीत.

वैदेहीने नाकाला ओढणी बांधली आणि मला उचललं. कित्येक वर्षांनी माझी गाठ सुटली. याद्या पाहून तिने हिंदीत एक लेख लिहिला.

तो लेख आसामात फुलमतीला तिच्या भाच्याने वाचून दाखवला. फुलमती साठीची, जन्मभर चहाची पानं खुडलेली. तिचं नागरिकत्व तपासणीत अडकलं होतं. तुमची माणसं मूळची कुठली, असं तिला विचारत होते. तिच्याजवळ मळ्याचा एक कागद होता. त्यावर आजीचं नाव होतं, ‘रुख्मिणी, बाप रामाजी’. गावाचा रकाना कोरा. तो कागद घेऊन ती एकटीच रेल्वेने नागपूरला आली.

मधुकररावांनी तिला पाणी दिलं. “बाई, इतक्या लांबून काहून आल्या? फोन करायचा ना.”

फुलमतीच्या हातातला पेला थांबला. “क्या बोले? काहून?” तिचे डोळे भरून आले. “मेरी आजी यही बोलती थी. सब हँसते थे उस पर.”

वैदेही माझी गाठ सोडू लागली. दुपार सरता सरता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. रामाजी, सोबत मुलगी रुख्मिणी, वय नऊ. मळा तोच. आणि गावाच्या रकान्यात इथल्याच हिंगण्याजवळच्या एका गावाचं नाव. फुलमतीला वाचता येत नव्हतं. “फिर से पढो ना,” ती म्हणत राहिली. वैदेहीने ते नाव चार वेळा वाचलं.

सही-शिक्क्याची नक्कल घेऊन फुलमती परत गेली. चार महिन्यांनी तिचा फोन आला. तिचं नागरिकत्व मान्य झालं होतं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी फुशारून गेलो.

पण त्याच फोनवर तिची शेजारीण सोमारी बोलली. तिचे आजोबा सुखरामही रामाजीसोबतच निघाले होते. तेवढं बघता का?

वैदेहीने तेच पान काढलं. रामाजीच्या खालच्या ओळीत ‘सु’ एवढं एकच अक्षर उरलं होतं. पुढचं नाव, बाप, गाव, सगळं वाळवीने खाल्लेलं. ती वाळवी माझ्यातूनच आत शिरली होती. अंगावरच्या त्या भोकांची मला आजवर कधी लाज वाटली नव्हती.

मधुकरराव पानाकडे पाहत राहिले. “मी रोज इथंच बसत होतो, मॅडम. एकदाही सोडून नाही पाह्यलं.”

आता मी लोखंडी कपाटात आहे. मधुकरराव स्वतः मला ऊन दाखवतात. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा शाळेचा दाखला असेल, एखादं जुनं पत्र असेल. ते वर्षातून एकदा तरी उघडून पाहा. त्यातली कोणती ओळ कुणाला लागेल, हे बांधणाऱ्याला ठाऊक नसतं.

सोमारीला वैदेहीने अजून ‘नाही’ कळवलेलं नाही. ती रोज येते आणि माझ्या शेजारचे बस्ते एकेक करून सोडते.