मनोरीच्या बंगल्यामागचा तलाव

मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे. मार्व्याहून होडीने मनोरीला उतरलात, की कोळीवाड्याच्या पलीकडे माडांत एक बंगला लागतो. त्याच्या मागच्या अंगणात मी पसरलो आहे.

१९६३ साली मुंबईच्या एका शेठजींनी मला हौसेने बांधून घेतले. गवंड्यांनी माझ्या तळाला निळ्या फरश्या बसवल्या. विहिरीवरचा पंप धडधडू लागला, मी काठोकाठ भरलो आणि कोळीवाड्यातली पोरे कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय झकास आहे रे!" मित्रांनो, मी अगदी फुशारून गेलो.

शेठजींची हौस लवकरच फिटली. ते बंगला सुट्टीपुरता भाड्याने देऊ लागले. देखरेखीला शेजारची सगुणा होती. तिचा नवरा लहू मासेमारीला जाई. ती झाडलोट करी, माझ्यात पडलेला पाचोळा जाळीने काढी. माझे एक टोक पुरुषभर खोल, दुसरे जेमतेम कमरेइतके. पण कोणते टोक खोल, कोणते उथळ, हे काठावर लिहिलेले नव्हते. पुढे शेठजी पाणी बदलायचा कंटाळा करू लागले. पाणी हिरवे झाले आणि माझा तळ दिसेनासा झाला.

एका मे महिन्यात मालाडच्या कचेरीतली मंडळी सहलीला आली. त्यांत नंदू नावाचा एक हसरा तरुण होता. आल्या आल्या त्याने सदरा काढला.

"थांब रे, पाणी किती आहे ते बघ तरी!" मित्र ओरडला.

"घाबरतोस काय यार!" म्हणत नंदूने सूर मारला. तो उथळ टोकाला उभा होता.

त्याचे डोके माझ्या फरशीवर आपटले. मला तसूभरही मागे सरता आले नाही. लहूने त्याला बाहेर काढले, होडीत निजवून पलीकडे नेले. नंदू वाचला, पण पुन्हा कधी आपल्या पायांवर उभा राहिला नाही. शेठजींनी मला रिकामे केले आणि बंगला विकायला काढला.

पुढच्या वर्षी काशीराम दलाल अंधेरीच्या एका जोडप्याला घेऊन आला. श्यामसुंदर बँकेत होता, त्याची बायको वसुधा शाळेत शिकवायची. त्याला बंगला भाड्याने देण्यासाठी घ्यायचा होता. माझ्या काठाने फिरताना तो हरखून गेला. "वसुधा, तलाव असलेला बंगला मिळतो कुठे? सुट्टीत रांग लागेल, बघ!"

काशीरामने सगुणेला आधीच बजावले होते, "जुनं काही उकरून काढू नकोस. विक्री मोडली तर तुझं काम गेलं समज."

वसुधा मात्र वाकून माझा रिकामा तळ बघत होती. तिने सगुणेलाच विचारले, "इथे कधी कुणाला काही झालं होतं का हो?"

सगुणेने काशीरामकडे पाहिले, मग माझ्याकडे. "झालं होतं, बाय," ती म्हणाली आणि तिने सारे सांगितले.

श्यामसुंदरचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "आपण पाटी लावू ना."

"आणि ती वाचली की नाही, हे कोण बघणार? आपण अंधेरीला, लोकांची पोरं इथे पाण्यात. अहो, दारात तार घेऊन माणूस दिसला, की इथेच कुणाला काही झालं असं मला वाटेल."

"मग बुजवून टाकू."

ते ऐकून माझ्या फरश्या गारठल्या. वसुधा म्हणाली, "बुजवायचाच असेल, तर बंगला हवाच कशाला तुम्हाला? तलाव बघूनच भुललात ना?"

बंगला न घेताच दोघे संध्याकाळच्या होडीने परत गेले. सगुणेचे काम सुटले. आता ती डोक्यावर पाटी घेऊन मालाडच्या बाजारात मासे विकते.

यंदा बंगला दुसऱ्याच माणसाने घेतला. त्याने काही विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगायला सगुणा नव्हती. त्याने माझ्या फरश्या घासून घेतल्या, पंप सुरू केला. मी पुन्हा भरलो आहे, पण पूर्वीची फुशारकी उरलेली नाही.

मित्रांनो, काठावरून धावत येणाऱ्याला माझा आवाज ऐकू जात नाही. म्हणून तुम्हीच मोठ्या माणसांना सांगा. माझी खोली काठावर ठळक रंगवा, पाणी नितळ ठेवा, लक्ष ठेवायला कुणी तरी नेमा. एवढे जमणार नसेल, तर मला मातीने भरून टाका. मी कुरकुरणार नाही.

आज पहिले भाडेकरू आले आहेत. पोरांचा गलका बंगल्याला वळसा घालून इकडेच येतो आहे. काठ अजून कोराच आहे.