वाळूतून चालत आलेला टोप

मी अंतराळवीराचा टोप बोलतोय. लगेच आभाळाकडे बघू नका. मी आयुष्यात जमिनीपासून बारा हातांच्या वर गेलेलो नाही, आणि तेसुद्धा तारेला लटकून. माझा जन्म वाळवंटाकाठच्या वर्झाझातचा. या गावात मातीचे राजवाडे उभे राहतात, त्यात लढाया होतात, आणि सिनेमावाल्यांची पाठ फिरली की त्याच राजवाड्यांत शेळ्या बसतात.

मला घडवलं हम्मादी उस्तादाने. आदल्या महिन्यापर्यंत तो प्लास्टरचे राजे ओतत होता. मला त्याने फायबरात ओतलं, पांढरा रंग दिला आणि पुढे सोनेरी काच बसवली. बाहेरून बघणाऱ्याला तिच्यात आपलंच तोंड दिसतं, आतला माणूस दिसत नाही. श्वासाची वाफ काचेवर धरू नये म्हणून त्याने कानांपाशी दोन चिमुकले पंखे लावले. ते अशी काही घरघर करायचे की आतल्याला बाहेरचं ऐकूच यायचं नाही. दिग्दर्शकाचा बिचाऱ्याचा ओरडून ओरडून घसा बसला.

सिनेमा परदेशी लोकांचा. पृथ्वीभोवती फिरणारं यान फुटतं, चौघांतले तिघे जातात, आणि उरलेला एकटा, हवा संपत आलेली असताना, हाती लागेल ते धरत जिवंत खाली येतो. तोंड एका नामांकित नटाचं. पण तासन् तास तारेला लटकणं त्याच्या पाठीला झेपेना. म्हणून त्याच्या जागी लटकायला गावातला इद्दर आला आणि मी चढलो त्याच्या डोक्यावर.

आमच्या गावातल्या पुरुषांना विचारा काय करता, तर ते किती वेळा मेलो ते सांगतात. कोणी भाल्याने, कोणी हत्तीखाली, कोणी तहानेने. चहाच्या टपरीवर फुशारक्या याच. इद्दर नऊ वेळा मेला होता आणि त्याचा जिवलग मित्र बास्सू चौदा वेळा. बास्सू त्याला चिडवायचा, "बच्चा आहेस अजून. आधी धड मरायला शीक."

इद्दरच्या आईला, लाल्ला इत्तोला, हे मुळीच खपायचं नाही. तिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली. म्हणून तिने याचं नाव इद्दर ठेवलं होतं, म्हणजे 'जगेल'. पोराचं खोटं मरणही तिला बघवत नसे. गावात सिनेमा लागला की ती दाराला कडी घालून बसायची.

एका दुपारी ती भाकरी आणि जैतुनं घेऊन शूटिंगच्या शेडच्या दाराशी आली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी नवा कोरा होतो, तरी तिने नाक मुरडलं.

"आता कशाने मरतोयस?" तिने विचारलं.

इद्दर मला काखेत धरून हसला. "इम्मा, या वेळी सगळे मरतात आणि मी वाचतो. शेवटी माझ्या पायांनी चालत येतो. हा सिनेमा तुला बघावाच लागेल."

"शपथ घे."

त्याने घेतली. ती म्हणाली, मग येईन, पहिल्या रांगेत बसेन. त्या दिवशी दोघांनी माझ्याच पाठीवर भाकरी ठेवून खाल्ली.

सहा आठवडे तो माझ्या आत होता. त्याचा श्वास मला पाठ झाला. कॅमेरा चालू असला की हवा संपल्यासारखा धापा टाकायचा आणि कॅमेरा थांबला की तसाच हवेत लटकून लग्नातली गाणी गुणगुणायचा. मला तो फार आवडायचा, हे सरळच सांगतो.

शेवटचं दृश्य तेवढं उरलं होतं. वाळवंटात उतरलेल्या यानातून तो बाहेर पडतो आणि चालत येतो. पण बर्फ पडून घाटरस्ता बंद झाला, सामान पलीकडे अडकलं आणि सगळ्यांना सुटी मिळाली. त्या सुटीत इद्दरने न्हाणीत पाणी तापवायचा गॅसचा बंब बसवून घेतला. थंडीत आईने चूल फुंकत बसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. आईला म्हणाला, नवी वस्तू आहे, आधी मी बघतो, मग तू आंघोळ कर.

न्हाणीला खिडकी नव्हती. बंबाच्या जळण्याचा विषारी वायू कोंडला. त्याला वासही नसतो म्हणे. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, म्हणून तिने बराच वेळ हाक मारली नाही.

हम्मादी दुसऱ्या दिवशी आपल्या कारखान्यात आला आणि मला मांडीवर घेऊन बसला. माझे पंखे त्याने सुरू केले, बंद केले, पुन्हा सुरू केले. त्या दिवशी त्याने कशालाही रंग लावला नाही. मला एकच गोष्ट सलत होती आणि आजही सलते. सहा आठवडे मी इद्दरच्या नाकातोंडाशी हवा खेळवली, ती सगळी नाटकासाठी. खरी गरज पडली तेव्हा मी फळीवर बसलो होतो.

रस्ता उघडला. सिनेमा कोणासाठी थांबत नाही. शेवटच्या दृश्यासाठी मला बास्सूच्या डोक्यावर घातलं. त्याला मी घट्ट व्हायचो. यानातून रांगत तो बाहेर आला, उभा राहिला आणि वाळूतून चाळीस पावलं चालला. ती सगळी पावलं तो रडत होता. पंखे फिरत असूनही माझी काच आतून भिजली. बाहेरच्यांना काही दिसलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, झकास.

वर्षाने सिनेमा गावात आला. शाळेच्या पटांगणात पांढरं कापड ताणलं आणि शोभा म्हणून मला पडद्याजवळच्या टेबलावर ठेवलं. आमच्याकडे सिनेमा मुकाट्याने कोणी बघत नाही. पडद्यावर जो दिसतो तो खालून ओरडतो, "हा मी!", आणि बाकीचे त्याची टर उडवतात. लाल्ला इत्तो आली आणि पहिल्या रांगेत बसली. एका बाजूला हम्मादी, दुसऱ्या बाजूला बास्सू.

काळ्या आभाळात पांढरा माणूस तरंगू लागला तेव्हा पटांगणात कोणी ओरडलं नाही. ती टक लावून बघत होती. तिचे ओठ हलत होते.

मग शेवट आला. यानाचं दार उघडलं. चौदा वेळा मेलेला बास्सू आयुष्यात पहिल्यांदा वाचणार होता आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो लाल्ला इत्तोकडे वाकला.

"लाल्ला, बघ," तो म्हणाला. "इद्दर आला चालत."

तिने मान डोलावली आणि त्याचा हात हातात घेतला. पडद्यावर मला काढून त्या नटाने आपलं तोंड दाखवलं, तेव्हा तिने खाली बघितलं.

त्यानंतर सगळ्या गावाने मिळून तोंड शिवलं. बास्सूला कोणी विचारलं तर तो सांगतो, मी त्या सिनेमात नव्हतोच. रोज संध्याकाळी तो तिच्याकडे भाकरी खायला जातो.

पुढच्या शुक्रवारी ती कारखान्यात आली. हम्मादी नमाजाला गेला होता, आम्ही दोघंच होतो. तिने डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली.

"वर तरंगत होता तो माझा," ती मला म्हणाली. "वाळूत चालला तो बास्सू. पोटचं पोर चालताना ओळखणार नाही का मी?" मग तिने काचेचा कोपरा पुन्हा पुसला. "माझा वरच राहिला रे. पण बास्सूला नको सांगूस. किती मनापासून खोटं बोलला बिचारा."

मी सांगितलेलं नाही. आता मी जुना झालोय. पंखे बंद पडलेत, रंगाचे पोपडे निघतात, पाहुणे मला डोक्यावर घालून फोटो काढतात. तुमच्याजवळ बोललो ते राहवलं नाही म्हणून. कधी वर्झाझातला आलात आणि टपरीवर बास्सू भेटला, तर त्याच्यासोबत चहा घ्या, किती वेळा मेलास ते विचारा, पण यातलं अक्षर काढू नका, एवढी भीक घाला.

लाल्ला इत्तो अजून शुक्रवारी येते. काच पुसते, वर करते आणि आत डोकावते. मी रिकामा असतो.